स्टिअरिंग सरळ, पण रॅक कुठे? घरच्या घरी रॅक मध्यावर आणून चाकं जुळवणं

तासगावच्या एका नातेवाइकाकडून जुनी हॅचबॅक घेतली तेव्हा मी ती चालवून बघितली होती. स्टिअरिंग सरळ होतं, हात सैल सोडला तरी गाडी कुठे ओढत नव्हती. पैसे देऊन मोकळा झालो. पंधरा दिवसांनी विश्रामबागेतल्या आमच्या बोळात एक गोष्ट ध्यानात आली. उजवीकडे गाडी एका दमात वळायची, डावीकडे मात्र मागे-पुढे केल्याशिवाय वळायचीच नाही. एका गॅरेजवाल्याला दाखवली, तर तो म्हणाला, "मामा, जुनी गाडी हाय, सवय हुईल."

सवय करून घ्यायची नव्हती. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सेंटर चुकलं असेल तर पुढे मिलिमीटरचा शंभरावा भाग धरून काम केलं तरी जॉब बाद. गाडीचं तेच झालं होतं. कुणीतरी कधीतरी टायरॉड, म्हणजे चाकांना वळवणारे दांडे, बदलले, अंदाजाने बसवले, त्यामुळे स्टिअरिंग तिरकं झालं. मग ते सरळ दिसावं म्हणून वरचं स्टिअरिंगच उपसून काही दाते सरकवून पुन्हा बसवलं. वरून सगळं सरळ, खाली रॅक, म्हणजे टायरॉडना सरकवणारी पट्टी, मात्र मध्यापासून सहा मिलिमीटर सरकलेली.

म्हणून या लेखात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी रॅक मध्यावर, मग चाकं, आणि वरचं स्टिअरिंग सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

रॅक आणि टो यांचा संबंध

स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. त्याखाली आडवी दातेरी पट्टी असते, ती रॅक. स्टिअरिंग फिरवलं की रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि दोन्ही टोकांचे टायरॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात. रॅक दोन्ही बाजूंना सारखी सरकायला हवी. गाडी सरळ जात असताना ती मध्यावर नसेल तर एका बाजूला वळायला जास्त जागा उरते, दुसऱ्या बाजूला कमी. आमच्या बोळातला तिढा हाच होता.

टो म्हणजे वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती झुकलीत ते. पुढची टोकं जवळ असली तर टो-इन, लांब असली तर टो-आऊट. ज्यांची मागची चाकं गाडी ढकलतात, त्या गाड्यांत पुढची चाकं रस्त्याच्या विरोधाने थोडी बाहेर फाकतात, म्हणून त्यांना आधीच थोडं टो-इन देतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात, त्यामुळे त्यांचा टो शून्याच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. तो अंशात दिला असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. १३ इंची चाकाच्या रिमची बाहेरची कड ते कड अंतर साधारण ३६० मिमी भरतं. त्यावर १ मिमी फरक म्हणजे जवळपास अंशाची १० मिनिटं.

आता टायरचा हिशेब. टो ५ मिमी चुकला तर दोन्ही चाकं मिळून दर किलोमीटरला जवळपास १४ मीटर आडवी घासत जातात. सांगली ते पुणे सुमारे २३० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत टायर तीन किलोमीटरहून जास्त आडवे फरफटले. गाडी टायर उगीच खात नाही.

हात लावण्याआधी

टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचत असेल, तर दोष टो या मापाचा. एकच कड दाते न पडता गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बरचा (समोरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर कलण्याचा) संशय घ्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी होती, आणि मध्य झिजला तर हवा जास्त.

मग गाडी उचलून चाक हलवून बघा. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं आणि खडखडलं, तर टायरॉड एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट ढिला आहे. १२ आणि ६ च्या जागी हललं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही चाकामागे टॉर्च धरून बघा, ढिला जॉइंट दिसतोच. खेळ असलेल्या गाडीची चाकं जुळवणं म्हणजे हलत्या वाइसमध्ये जॉब धरणं. आधी ते बदला.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूटही पाहून घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडे कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. अशा गाडीच्या फाटक्या बुटातून पाणी आणि गाळ आत गेला असेल तर रॅकवर गंज चढतो आणि स्टिअरिंग मध्येच अडकल्यासारखं जड लागतं. तसं असेल तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

चारही टायरमध्ये हवा पुस्तकात दिलेली भरा, तीही टायर थंड असताना. डिकी रिकामी करा. आमच्या डिकीत बेदाण्याच्या दोन पेट्या आठवडाभर पडून होत्या, आणि पहिल्या दिवशीची मापं त्यामुळेच वाया गेली.

सामान

गवंड्याची लाइनदोरी, पाण्याची पारदर्शक नळी, दोन सारख्या लांबीचे सरळ जीआय पाइप किंवा चौकोनी नळ्या, स्टीलची ३०० मिमीची पट्टी, मेजर टेप, पांढरा रंग किंवा नेलपॉलिश, चिकटपट्टी. पान्यांत १७, १९ आणि २२ चे दोन-दोन असले तर बरं, कारण एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं असतं. जॅक आणि दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, डोकं तर नाहीच. अंगण काळ्या मातीचं असेल तर जॅक आणि घोड्यांखाली जाड फळी टाका. ही माती वरून कडक वाटते, वजन पडलं की खचते.

आणि चार गुळगुळीत फरश्या. दोन-दोन फरश्यांमध्ये खताच्या जाड प्लास्टिक पिशवीचे दोन तुकडे, त्या तुकड्यांच्या मध्ये ग्रीस. अशी एकेक जोडी पुढच्या दोन्ही चाकांखाली ठेवायची. अलाइनमेंटच्या दुकानात चाकाखाली फिरत्या थाळ्या असतात, त्याचंच हे गावठी रूप. जमिनीला चिकटलेलं टायर टायरॉड फिरवला तरी वळत नाही, नुसतं रबर पिळलं जातं, आणि माप खोटं येतं. मागच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या साध्या फरश्या ठेवा, नाहीतर गाडी पुढून उचललेली राहील.

जागा समतल आहे का

चार चाकं जिथे येणार तिथे खुणा करा. पाण्याच्या नळीने चारही जागांची पातळी बघा. ही नळी लेसर लेव्हलपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते, पाणी खोटं बोलत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, एवढं मात्र बघा. टोच्या मापाला ४-५ मिमीचा फरक चालून जातो, त्याहून जास्त असेल तर प्लायचे तुकडे टाकून भरून काढा. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला आहे. तिथे एका कोपऱ्यात १४ मिमी भरावे लागले.

रॅकचा मध्य शोधणं

हे काम सावकाश करा. पुढची चुकभूल इथेच ठरते.

हॅंडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून घोड्यांवर ठेवा. इंजिन बंद, किल्ली फक्त स्टिअरिंग लॉक सुटेल इतकीच फिरवलेली. स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्या समोर डॅशबोर्डवर दुसरा.

स्टिअरिंग हळूच उजवीकडे टोकापर्यंत न्या. टोकाला धडकवू नका, जोर लावून दाबू नका. आता तिथून डावीकडच्या टोकापर्यंत फेरे मोजा. मोजायची माझी युक्ती घड्याळाची आहे. एक पूर्ण फेरा म्हणजे ६० मिनिटं. माझ्या गाडीत ३ फेरे आणि वर २४ मिनिटं भरली, म्हणजे एकूण २०४. निम्मे १०२, म्हणजे १ फेरा ४२ मिनिटं. कुठल्याही टोकापासून तेवढं मागे आलं की रॅक मध्यावर. तीनदा मोजा. तिन्ही वेळा उत्तर दोन मिनिटांच्या आत आलं पाहिजे.

पण फेऱ्यांवर एकट्यावर विसंबू नका. कंपनीपेक्षा रुंद टायर घातले असतील तर रॅक टोकाला पोचायच्या आधीच टायर आतल्या पत्र्याला किंवा आर्मला अडतं, आणि मध्य चुकतो. म्हणून एका बाजूच्या बुटाची आतली क्लिप काढा, बूट मागे सारा, आणि रॅकच्या घराच्या (ती ज्या नळीत सरकते तिच्या) कडेपासून आतल्या जॉइंटपर्यंतचं अंतर मोजा. एका टोकाला ते जवळपास शून्य होतं, दुसऱ्या टोकाला सर्वांत जास्त. माझ्याकडे १४० मिमी भरलं. ७० मिमीवर मध्य. फेऱ्यांचा मध्य आणि पट्टीचा मध्य एकच आला तर निर्धास्त व्हा. दोन्ही बाजूंना मोजून तुलना करायचा मोह होतो, पण काही रॅकचं घर दोन्हीकडे सारख्या मापाचं नसतं. एकाच बाजूची दोन टोकं मोजणं जास्त खात्रीचं.

रॅक मध्यावर आली की ती तिथेच बांधून टाका. स्टिअरिंगच्या खालच्या कडेला आडवी लाकडी पट्टी बांधून तिची टोकं सीटच्या लोखंडी पायांना दोरीने दोन्हीकडून ताणून घ्या. किल्ली काढून लागणाऱ्या लॉकवर भागवू नका. त्यात थोडी ढिलाई असते, आणि लॉक नेमका मध्यावर लागेल असंही नाही.

आता वर बघा. माझ्या गाडीचं स्टिअरिंग या वेळी उजवीकडे आठ-नऊ मिनिटं झुकलेलं होतं. खाली चाकामागे जाऊन टायरॉडवर लॉकनटबाहेर (टायरॉडची लांबी पक्की धरणाऱ्या नटाबाहेर) दिसणारे आटे मोजले, तर डावीकडे २४ आणि उजवीकडे १४. दहा आट्यांचा फरक. तिथेच सगळी गोष्ट उलगडली. रॅक मध्यावर असेल आणि कुठलाही भाग वाकलेला नसेल तर दोन्हीकडचे आटे जवळपास सारखे यायला हवेत. हे आकडे भिंतीवर, वहीत, कुठेही, पण लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर परत येण्याची वाट हीच.

दहा आटे की वाकलेला आर्म?

आटे वेगळे दिसले म्हणजे लगेच सारखे करायला धावू नका. खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) वाकलेला असतो आणि आधीच्या कारागिराने तो वाकडेपणा टायरॉडने सावरलेला असतो. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जाऊन आमच्याकडच्या रस्त्यांची जी अवस्था होते, त्यात हे अपवादाने होतं असं नाही. दोन्ही पुढच्या चाकांचा मध्य मागच्या चाकाच्या मध्यापासून किती अंतरावर आहे ते डाव्या-उजव्या बाजूला मोजा. मोजताना चाकं सरळ हवीत आणि गाडी चाकांवर उभी हवी. माझ्याकडे २ मिमीचाच फरक आला. म्हणजे हाडं सरळ होती, फक्त टायरॉड चुकीचे बसवले होते. १० मिमीच्या वर फरक आला तर आधी काय वाकलंय ते शोधा.

मग मी दोन्ही टायरॉड १९ आट्यांवर आणले, डावा पाच फेरे आखूड आणि उजवा पाच फेरे लांब. माझ्या गाडीला एअरबॅग नाही, म्हणून स्टिअरिंगचं मधलं नट काढून चाक पाच दाते डावीकडे घेऊन सरळ बसवता आलं. एअरबॅग असलेल्या गाडीत हे घरी करू नका. एअरबॅग फुटण्याचा धोका आहेच, शिवाय खालची गुंडाळलेली वायर जागेवरून फिरली तर पुढच्या पूर्ण वळणावर तुटते. तिथे स्टिअरिंगला हात न लावता फक्त रॅकचा मध्य तपासायचा, आणि तो चुकलेला असेल तर गाडी एअरबॅगचं काम करणाऱ्याकडे न्यायची.

लाइनदोरी बांधणं

गाडी घोड्यांवरून उतरवा, चार-पाच मीटर पुढे-मागे करा म्हणजे सस्पेन्शन बसेल, आणि शेवटी पुढे चालवतच ग्रीसच्या फरश्यांवर आणा. मागे घेऊन आणू नका, टायरॉडचा खेळ उलट्या बाजूला बसतो. रॅक पुन्हा मध्यावर आणून बांधा. व्हील कॅप काढा.

दोन्ही पाइपवर सारख्या अंतरावर दोन-दोन खाचा करा. पुतण्याला ग्राइंडर दिला आणि दोन्ही पाइप एकत्र बांधून एकाच वेळी कापायला सांगितलं. असं केलं की अंतर आपोआप सारखं येतं. एक पाइप बंपरच्या पुढे, एक मागे, दोन्ही रंगाच्या डब्यांवर ठेवा. उंची अशी, की दोऱ्या चाकाच्या मध्याच्या उंचीवर येतील. खाचांतून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणा, टोकांना वजन म्हणून पाण्याने भरलेल्या बाटल्या लटकवा. खाचा सारख्या अंतरावर असल्यामुळे दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतरच असतात. आता त्या गाडीला समांतर करायच्या.

इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोरीचं अंतर पुढच्या उजव्या चाकाइतकं हवं. मागच्या दोन चाकांचं एकमेकांशी सारखं हवं. पण पुढचं आणि मागचं सारखं असायची गरज नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर गाडीत बहुधा वेगळं असतं. माझ्याकडे पुढे दोन्हीकडे १५० आणि मागे दोन्हीकडे १५५ आलं, ते बरोबर होतं. पाइप डावी-उजवीकडे टिचकी मारत सरकवायचे, चारही मापं पुन्हा घ्यायची. एक बाजू जुळवली की दुसरी हलते. अर्धा तास सहज जातो. त्यानंतर गाडीला टेकायचं नाही, दार उघडायचं नाही, आणि पोरांना तिथून लांब ठेवायचं.

मापं

प्रत्येक चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत पट्टीने मोजा. पट्टी आडवी धरा, दोरीला स्पर्श होऊ देऊ नका, डोळा थेट समोर. दोरी चाकाच्या बाहेर आहे, म्हणून पुढचं अंतर जास्त आलं तर ते चाक आत झुकलेलं, म्हणजे टो-इन. कमी आलं तर टो-आऊट.

मागच्या चाकांपासून सुरुवात करा. छोट्या गाड्यांत मागचा टो बदलता येत नाही, पण दोन्ही मागची चाकं एकाच बाजूला झुकलेली दिसली तर मागचा आडवा बीम तिरका बसलाय किंवा वाकलाय. अशी गाडी खेकड्यासारखी चालते आणि पुढे काहीही केलं तरी स्टिअरिंग सरळ राहत नाही.

पुढे माझे आकडे असे होते. डावं चाक: पुढे १५१, मागे १४९, म्हणजे २ मिमी टो-इन. उजवं: पुढे १४८.५, मागे १५१, म्हणजे अडीच मिमी टो-आऊट. एकूण अर्धा मिमी टो-आऊट. आकडा छोटा वाटेल, पण दोन्ही चाकं उजवीकडे बघतायत, आणि स्टिअरिंग सरळ ठेवलं तर गाडी उजवीकडे जाईल.

फिरवणं

बुटाची बाहेरची क्लिप सैल करा, नाहीतर टायरॉडबरोबर रबर पिळलं जाऊन फाटतं. आट्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर सकाळी शिव्या कमी लागतात. टायरॉड एंडला एका पान्याने धरा आणि दुसऱ्याने लॉकनट अर्धा फेरा सैल करा. न धरता नट फिरवलं तर सगळा ताण बॉल जॉइंटवर येतो.

रॅक चाकाच्या मध्याच्या मागे असेल तर टायरॉड लांब केल्यावर त्या चाकाचा टो-इन वाढतो. रॅक पुढे असेल तर बरोबर उलटं. गाडीखाली टॉर्च मारून एकदा बघून घ्या, यात चूक झाली तर प्रत्येक फेरा उलटा पडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असतो, काहींत १.५. १.२५ च्या पिचवर टायरॉडचा एक पूर्ण फेरा त्या चाकाचा टो साधारण साडेतीन मिमीने बदलतो, म्हणजे पाव फेरा म्हणजे जवळपास १ मिमी. तुमच्या गाडीचा हिशेब पहिल्या पाव फेऱ्यानंतर तुम्हालाच कळेल.

टायरॉडवर पांढरा ठिपका द्या, पाव फेरा फिरवा, चाकाला दोन्हीकडून हलका धक्का द्या म्हणजे ते फरशीवर बसेल, आणि पुन्हा मोजा. मी डावा टायरॉड जवळपास अर्धा फेरा आखूड केला आणि उजवा पाऊण फेऱ्याहून थोडा जास्त लांब. प्रत्येक चाकावर अर्धा मिमी टो-इन, एकूण १ मिमी. माझ्या गाडीच्या मर्यादेत बसलं.

लॉकनट आवळताना टायरॉड त्याच्याबरोबर थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. माझ्याकडे उजवीकडे पाऊण मिमी निसटलं होतं, म्हणून पुन्हा सैल करावं लागलं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. टॉर्क पाना नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा, या नटावर तुमचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव आहे. आणि आटे बाहेर इतके काढू नका की आत पकडायला काही उरणार नाही.

दोरीवर विश्वास बसत नसेल तर एक जुनी पडताळणी आहे. दोन्ही पुढच्या टायरच्या तुडवीवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) मध्यभागी खडूची खूण करा, चाकाच्या मागच्या बाजूला जमिनीपासून जमेल तितक्या उंच. ओळंब्याने दोन्ही खुणा जमिनीवर उतरवा आणि त्यांतलं अंतर मोजा. मग गाडी ढकलत चाकं अर्धा फेरा पुढे न्या, त्याच खुणा पुढच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येतील. पुन्हा उतरवा, मोजा. दोन मापांमधला फरक म्हणजे एकूण टो. रिम थोडी वाकडी असली तरी तीच खूण दोन्ही वेळा मोजल्यामुळे चूक निघून जाते. ही रीत एकेका चाकाचं सांगत नाही, म्हणून ती पडताळणीलाच ठेवा. रिमऐवजी टायरच्या मोठ्या व्यासावर मापल्यामुळे आकडा दोरीपेक्षा थोडा मोठा येतो, त्याने घाबरू नका.

रस्त्यावर

चाचणीला सकाळी लवकर निघा. सांगली-मिरज रस्त्यावर दिवसा सरळ चालवणं शक्यच नाही. मिरजेपुढचा रत्नागिरी-नागपूर महामार्ग पहाटे रिकामा असतो. आपल्या रस्त्यांना मधून कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. तेवढ्यावरून गाडी डावीकडे ओढतेय असं म्हणू नका. सपाट पट्ट्यावर, पन्नास-साठच्या वेगात, वाऱ्याचा जोर नसताना बघा. तरीही ओढत असेल तर पुढची दोन टायरं डावी-उजवी अदलाबदल करून पुन्हा चालवा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका.

सरळ जाताना स्टिअरिंग थोडं तिरकं राहिलं तर ते टायरॉडनेच सुधारायचं, आता स्टिअरिंग उपसायचं नाही. एअरबॅगवाल्या गाडीतही हे चालतं. हिशेब असा: स्टिअरिंग एक मिनिट तिरकं असेल तर दोन्हीकडे साधारण अर्धा-अर्धा फेरा. रॅक मागे असलेल्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे झुकलं असेल तर डावा टायरॉड लांब आणि उजवा तेवढाच आखूड, डावीकडे झुकलं असेल तर उलट. दोन्हीकडे सारखंच फिरवल्यामुळे एकूण टो हलत नाही. हे एक-दोन मिनिटांपर्यंतच करा. त्याहून जास्त लागत असेल तर रॅकचा मध्य शोधताना चूक झाली आहे, परत वर जा.

काय घरी होत नाही

कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) या रीतीने मोजता येत नाहीत, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत ते बदलायची सोयही नसते. ज्यांना स्किड रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यांच्या स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरला काम झाल्यावर शून्य शिकवावं लागतं, त्याला स्कॅनर लागतो. आमच्याकडे काही शे रुपयांत कॉम्प्युटरवर अलाइनमेंट होते आणि मी ती नंतर करून घेतलीच. मात्र तिथे जाताना वहीतले आकडे घेऊन गेलो. पडद्यावर आणि वहीत अर्ध्या मिमीच्या आसपास फरक निघाला. त्या पोराने टायरॉडला हात लावण्याआधी विचारलं, "स्टिअरिंग वरनं सरळ करू का?" मी आटे मोजून दाखवले.

नंतर २०० किलोमीटरवर टायरॉडवरचे पांढरे ठिपके जागेवरच आहेत का ते बघा, बुटाच्या क्लिपा जागेवर आहेत का तेही बघा. दर हंगामात, उसाच्या ट्रॉल्या थांबल्यावर, आटे पुन्हा मोजून वहीत तारखेसह लिहितो. या एप्रिलला डावीकडे साडेअठरा आणि उजवीकडे पावणेवीस भरले, जसे सोडले होते तसेच. बोळात गाडी दोन्हीकडे एका दमात वळते.